पत्र्याच्या खोलीतला ऑर्केस्ट्रा

नागपूर,
९ जुलै २०२३

प्रिय शालिग्राम,
सप्रेम जय भीम, वि. वि.

तब्येती आणि पाऊसपाणी फोनवर कळतातच. रेकॉर्डींबद्दल मात्र फोनवर बोलायचं नाही हा वसतिगृह सोडल्यापासूनचा आपला नियम, म्हणून हा कागद. महिन्याच्या पहिल्या रविवारी दोघांनी एकच रेकॉर्ड ऐकायची या ठरावाप्रमाणे त्या व्हिएन्नावाल्याची रेकॉर्ड मी इथं लावली, तू रिठदला लावली असशीलच. मला ती या वेळी जास्तच कोरडी वाटली. ललिता दोनदा दारात येऊन गेली. तिचं म्हणणं, ऑर्केस्ट्रावाले अजून वाद्यंच जुळवत आहेत, सुरू झालं की हाक मारा. त्या परदेशी वाचनालयानं रद्दीत काढलेल्या या रेकॉर्डी, प्रत्येकीच्या दोन-दोन प्रती, आपण सायकलरिक्षात घालून वसतिगृहावर आणल्या, तेव्हा पोरंही असंच काहीतरी म्हणाली होती. विसाव्या शतकानं दुसरं काही नाही तरी आपली सगळीकडे थट्टा करून घेतली.

आता कामाचं. आमच्या रत्नमालेची नेमणूक तुमच्या रिसोड तालुक्यातल्या आरोग्य केंद्रावर झाली आहे. या महिनाअखेर रुजू व्हायचंय. रिसोडला एखादी खोली बघून ठेवशील का? घरमालक आधी आडनाव विचारतात आणि मग खोली दुसऱ्याला दिल्याचं त्यांना आठवतं, हे तुला नव्यानं सांगायला नको. डॉक्टरीणबाईंच्या बाबतीतही आठवेलच. तू बरोबर असलास तर निदान चहा होऊन नकार मिळेल.

कान शाबूत असू दे, लोभही.
तुझा,
धम्मरत्न


रिठद,
१५ जुलै २०२३

प्रिय धम्मा,
स. न. वि. वि.

खोली बघ म्हणून लिहिताना तुझा हात कसा अडखळला नाही? रिठदपासून तिचं आरोग्य केंद्र जीपनं अर्ध्या तासावर. आमचं एवढं मोठं घर असताना माझ्या मित्राची मुलगी भाड्यानं राहणार? तुझ्या प्रयागवहिनीनं मधली खोली रिकामी करून पलंगावर नवी गादी टाकलीसुद्धा. आमचा प्रज्वल रोज माती तपासायच्या त्याच्या प्रयोगशाळेत रिसोडला जातोच, तो तिला सोडत जाईल. यावर पुन्हा पत्र नको.

तुझा 'कोरडी' हा शब्द मला मान्य नाही. मी आपल्या शेतातल्या पत्र्याच्या खोलीत, नेहमीप्रमाणे डोळे मिटून, दोन्ही बाजू ऐकल्या. एक सूर वाजला की उरलेले अकरा वाजल्याशिवाय त्यानं पुन्हा यायचं नाही, केवढी हिंमत आहे ही! या संगीतात षड्जच नाही. जिथं षड्ज नाही तिथं कुणाला वरचा म्हणायचं आणि कुणाला खालचा? मी जन्मभर वर्गात समतेवर बोललो, पण ती कानानं ऐकली ती इथंच. ट्रॅक्टरवरून चाललेला एक जण थांबून मशीन बिघडली का विचारून गेला, ते सोड.

पोरीला धाडून दे. बाकी आहेस तसाच राहा.
तुझा,
शालिग्राम


रिठद,
२१ जानेवारी २०२४

प्रिय धम्मा,
स. न. वि. वि.

तुझ्या मुलीबद्दल तक्रार आहे. ती आमच्या घरची सगळी शिस्त बिघडवून राहिली. प्रयाग आता जेवायला तिची वाट बघते, माझी नाही. रविवारी तिच्या केसांना तेल लावून देते. गल्लीतल्या बाया बीपी मोजून घ्यायला आमच्या अंगणात येतात.

परवाच्या रविवारी तिला शेतावर नेऊन ती पोलंडची रेकॉर्ड ऐकवली. सगळी तारवाद्यं एकच स्वरसमूह धरून ठेवतात, हळूहळू फुगवतात आणि तो कुठंच सुटत नाही. मला वाटलं, पोरगी कंटाळून उठेल. ती शेवटपर्यंत बसली आणि म्हणाली की बाळंतपण अडतं तेव्हा खोलीत असंच असतं, सगळे श्वास धरून असतात आणि कुणी बोलत नाही. इतकी वर्षं ऐकून मला हे सुचलं नव्हतं.

आणखी एक नवल. पहिला सूर ऐकला की घराबाहेर पळणारा आमचा प्रज्वल आता अख्खी रेकॉर्ड संपेपर्यंत बसतो. हूं की चूं नाही. याचं श्रेय मी माझ्या चिकाटीला देतो. प्रयागला हे सांगितलं तर ती पदर तोंडाला लावून हसली. तिला यातलं काय कळणार.

ललितावहिनींना नमस्कार. कानांची आणि माझी आठवण ठेव.
तुझा,
शालिग्राम


रिठद,
१२ मे २०२४

प्रिय धम्मरत्न,
स. न. वि. वि.

हे पत्र लिहायला बसून दोनदा उठलो.

प्रज्वलनं परवा जेवताना सांगितलं की त्याला आणि रत्नमालेला लग्न करायचंय. तुझ्या कानावर आलं असेल, नसेल तर माझ्याकडूनच यावं. मला स्वतःला काय वाटलं ते तुला सांगायची गरज नाही. तू मला ओळखतोस. माझ्याकडून अडचण नव्हती आणि नाही.

अडचण प्रयागची आहे. बाईमाणूस, जुन्या वळणाची. तिनं त्या दिवसापासून अन्न सोडलंय. भिंतीकडे तोंड करून पडून असते. ती मुलगी सून म्हणून उंबरठ्यातून आत आली तर या घरचं पाणी घेणार नाही असं म्हणते. मी किती समजावलं त्याला हिशेब नाही, पण शिकलेल्या माणसाचं शहाणपण बायकोपुढं किती चालतं, तूही जाणतोस. तिला आधीच साखरेचा त्रास. तिच्या जिवाला काही झालं तर प्रज्वल स्वतःला माफ करणार नाही, आणि तुझी मुलगीही नाही.

म्हणून मित्र म्हणून मागतो. तू तिच्याशी बोल. ती समजूतदार आहे, तुझं ऐकेल. बदलीचा अर्ज केला तर तिकडे नागपूरजवळ जागा मिळू शकेल. थोडे दिवस गेले की सगळं निवळेल आणि आपलं आहे तसं राहील.

या महिन्याची रेकॉर्ड अर्धीच ऐकली. मन लागलं नाही.

समजून घेशील या भरवशावर,
शालिग्राम


नागपूर,
६ जून २०२४

आदरणीय प्रयागवहिनी,
सविनय जय भीम.

इतक्या वर्षांत तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. निरोप नेहमी शालिग्रामच्या पत्रातूनच गेले. आज थेट लिहितो आहे, आगाऊपणा वाटला तर माफ करावं.

शालिग्रामनं सगळं कळवलं. तुम्ही रत्नमालेला मधली खोली दिलीत, तिला पोटच्या पोरीसारखं जेवू घातलंत, आणि त्याच घरात तुमच्या मनाला इतकी इजा व्हावी याचं ललिताला आणि मला फार वाईट वाटतं. मी रत्नमालेशी बोललो. ती म्हणाली की काकूंनी तोंडावर सांगितलं असतं तर बरं झालं असतं. तुमच्या घरातून ती एक तारखेला निघाली हे तुम्हाला माहीतच आहे. रिसोडमध्ये बऱ्याच घरांतून परत फिरल्यावर रतनसिंग नावाच्या एका भल्या माणसानं दुकानावरची खोली तिला दिली. बदलीचा अर्ज करायला मात्र ती तयार नाही. पेशंट सोडून जाणार नाही म्हणते. त्यापुढं मी तिला आग्रह केला नाही.

तुम्ही आता जेवण घ्या, वहिनी. पोरांचं काय व्हायचं ते होईल, तुमची तब्येत आधी.

राग धरू नये एवढीच विनंती.
आपला,
धम्मरत्न


रिठद,
१३ जून २०२४

धम्मरत्न भाऊले प्रयागचा नमस्कार. ललिताबाईले बी सांगजा.

तुमचं पत्र पोस्टमननं माह्या हातात देल्लं. माह्या नावाचं पत्र या घरात पहिल्यानंच आलं. मी सातवी शिकली, मंग लिवाचं काम पडलं नाई. चुकलंमाकलं समजून घ्या.

भाऊ, मी जेवण सोडलं हे तुमाले कोनं सांगतलं? मी तं रोज दोन टाइम जेवून राह्यली. जेवण सोडलं ते तुमच्या मित्रानं. पोरगं बोललं अन् हे ताटावरून उठले. म्हणे ती सून म्हणून आली तं मी या घरचं पाणी पिणार नाई. मंग वावरातल्या खोलीत जाऊन बसले अन् संध्याकाळी गड्याच्या हातून डबा मागवला. डबा मीच भरला. भिंतीकडे तोंड करून कोनी पडलं नाई.

मले पोरगी पसंत हाये. प्रज्वलनं सांगाच्या आधीच मले समजलं होतं, आईले समजते. मीच तुमच्या मित्राले म्हटलं होतं का भाऊले चिठ्ठी लिवा, आपून रीतीनं मागणी घालू. तं मले म्हणे, तुले अक्कल नाई, दोस्ती येगळी अन् सोयरीक येगळी. मले वाटलं आज ना उद्या राग उतरन. त्यायनं आतल्या आत माह्याच नावानं तुमाले लिवून टाकलं हे तुमच्या पत्रातूनच कळलं. जे माह्या तोंडातून निघालं नाई ते माह्या नावानं नागपूरले गेलं, अन् त्याच्यानं माह्या घरातून ती पोरगी गेली. ती गेली त्या दिवशी माह्याकडे पायत नव्हती. काहून पायत नव्हती ते आता समजलं.

मी रिसोडले जाऊन आली. तिले सारं खरं सांगतलं. तिनं चहा केला, रडली, पण घरी परत याले नाई म्हणाली. तिचं बरोबर हाये.

आखरीले एक सांगतो. सासूबाई होत्या तवर तुमाले वावरातल्या खोलीत बसवत, ते मले पटत नव्हतं पण माहं चालत नव्हतं. त्या वारल्यावर मीच म्हटलं का आता भाऊले घरात बसवा, बाजाची मशीन घरात आणा. तं हे म्हणे, तिथंच आवाज चांगला लागते. मले आवाजातलं समजत नाई म्हणून मी चूप राह्यली. तवा बोलाले पायजे होतं.

माया होती तशीच हाये.
प्रयाग


नागपूर,
२३ जून २०२४

शालिग्राम,
जय भीम.

वहिनींचं पत्र आलं. त्यांना त्याबद्दल एक शब्द बोलू नकोस. मी त्यांना लिहिलं म्हणून त्यांनी लिहिलं.

तुझा मुलगा गेल्या शनिवारी इथं आला होता. बैठकीत ताठ बसून त्यानं रत्नमालेचा हात मागितला, मग ललितानं जेवायला वाढलं तेव्हा पहिल्याच घासाला रडला. वडिलांनी हाक मारली तर मागं वळशील का, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला की वळून बघेन, पण परत जाणार नाही. मला ते पुरेसं वाटलं. सप्टेंबरात वाशीमला नोंदणी पद्धतीनं लग्न होईल. तारीख ललिता वहिनींना कळवेल. तुला यायचं तर ये.

आता पत्र्याच्या खोलीबद्दल. मी जन्मभर पदार्थविज्ञान शिकवलं. पत्र्याखाली, चारी बाजूंना सिमेंटच्या उघड्या भिंती असताना, व्हायोलिनं कशी वाजतात हे मला कळत नव्हतं असं तुला वाटलं? रेकॉर्ड कुठलीही असो, त्या खोलीत ती ताटल्या आपटल्यासारखीच यायची. पहिल्यांदा आलो तेव्हा तू म्हणालास की इथं आवाज चांगला घुमतो. मला त्याच क्षणी समजलं की घरात तुझी आई आहे. तू किती ओशाळला होतास. मला त्रास होऊ नये म्हणून तू खोटं बोललास, असं मी समजलो. त्या खोट्यावर माझा तुझ्या कुठल्याही खऱ्यापेक्षा जास्त जीव होता. दर दिवाळीला ओळीनं त्या खोलीत बसलो ते त्याच्यासाठी.

आई जाऊन वीस वर्षं झाली, शालिग्राम. त्यानंतर ती खोली कुणाची होती?

तू भांडला असतास तर मी समजू शकलो असतो. मला हे लग्न नको असं लिहिलं असतंस तरी मी ते पत्र जपून ठेवलं असतं, माणूस निदान आपल्या नावानं बोलला म्हणून. तू बायकोच्या तोंडून बोललास, आणि तेही तिला न विचारता. आणि मी तुझ्या शब्दावर माझ्या पोरीला गप्प केलं.

त्या व्हिएन्नावाल्याच्या रेकॉर्डीबद्दल तू षड्ज नाही म्हणून खूप लिहिलं होतंस. मला तेव्हाच उत्तर द्यायचं होतं, राहून गेलं. ते बारा सूर आपोआप सारखे राहत नाहीत. जरा दुर्लक्ष झालं की कानच त्यांतला एखादा उचलून मालक करून टाकतो, सवयच तशी आहे. म्हणून लिहिणाऱ्याला प्रत्येक ओळीत पहारा द्यावा लागतो. ते फार कष्टाचं काम आहे. तुला त्यातलं फक्त ऐकायचं सुख हवं होतं.

सप्टेंबरपासून आपण व्याही. त्या नात्यानं जो मान द्यायचा तो देईन, ललिताही देईल. पत्र मात्र आता माझ्याकडून येणार नाही.

धम्मरत्न


रिठद,
१७ नोव्हेंबर २०२४

प्रिय प्रयाग,
अनेक आशीर्वाद.

तुला पत्र कोणत्या मायन्यानं सुरू करायचं ते मला ठाऊक नाही, कधी वेळच आली नव्हती. तू फोन उचलत नाहीस म्हणून हे रोज रिसोडची फेरी करणाऱ्या गोविंदसिंगच्या जीपनं रिसोडला पाठवतो आहे.

लग्नाला तू एकटी गेलीस. मला वाटलं होतं संध्याकाळी परत येशील. आता दोन महिने होत आले. मुलासुनेच्या दोन खोल्यांत तू किती दिवस राहणार? सोयाबीन निघालं, तूर बरी आहे. घरात डबे कुठं काय आहे ते सापडत नाही. भावकी पहिला आठवडा रोज येत होती, शालिग्रामनं नाक राखलं म्हणत होती. आता कुणी फिरकत नाही. परवा चुलतभावाच्या घरी पूजा झाली, मला बोलावणं नव्हतं. मुलगा तर त्यांच्यातच गेला, असं पाठीमागं म्हणतात. ज्यांच्यासाठी केलं त्यांनीच हे करावं.

मी जे धम्माला लिहिलं ते घर टिकावं म्हणून लिहिलं. तुझं नाव घेतलं कारण त्यानं त्याला कमी लागलं असतं. तुझ्यावर तो रागावू शकत नाही. हे तू समजून घ्यायला हवं होतंस. मी त्याला तीन पत्रं टाकली, एकाचंही उत्तर नाही. लग्नात भेटला असेल तेव्हा माझ्याबद्दल काही बोलला का?

तुला या संगीतातलं काही कळत नाही म्हणून तुझ्याशी कधी बोललो नाही. पण आता कुणाला सांगू? रविवारी रेकॉर्ड लावतो. ऐकताना मनात वाक्यं तयार होतात आणि ती लिहायला माणूस नाही. मग मधेच बंद करतो. जवळजवळ पन्नास वर्षं मी ऐकत होतो असं मला वाटायचं. आता शंका येते की मी फक्त त्याला काय लिहायचं ते जुळवत होतो.

तुझं तो ऐकतो. तू त्याला एकदा लिही की शालिग्राम तसा माणूस नाही.

केव्हा येतेस ते गोविंदसिंगजवळ कळव.
शालिग्राम


रिसोड,
२० नोव्हेंबर २०२४

प्रज्वलच्या बाबाले नमस्कार.

तुमचं पत्र भेटलं. तुरीच्या दायीचे डबे खालच्या फळीवर हायेत, तिखट कोपऱ्यातल्या बरणीत. गुळाले मुंग्या लागल्या असन तं उन्हात ठेवा.

भाऊ तुमच्याबद्दल काई बोलले नाई. जेवताना कोनीतरी तुमचं नाव काढलं, तं ते पाणी आणाले उठले. तुमी म्हणता तशी चिठ्ठी मी त्यायले लिवणार नाई. तुमी कसे माणूस हा ते त्यायले माह्यापेक्षा जास्त माहीत हाये.

माह्यावर कोनी रागावत नाई म्हणून माहं नाव घेतलं, हे तुमी पुन्हा एकदा लिवलं. मले वाटलं होतं का चुकलं म्हणून लिवान. मी ते पान दोनदा वाचलं, कुठं दिसलं नाई.

घर माहं बी हाये. मी येईन. पण एकटी येणार नाई, अन् तुमी बोलावलं म्हणून येणार नाई. तुमी इथं येऊन त्या पोरीच्या समोर बसा अन् तुमच्या तोंडानं सांगा का मी खोटं लिवलं होतं, प्रयाग तसं बोलली नव्हती. तिनं हो म्हटलं तं आमी तिघं संगं येऊ. तिनं नाई म्हटलं तं मी इथंच हावो. ती काय म्हणीन ते मले माहीत नाई. मी विचारलं नाई अन् तिच्या नावानं सांगणार बी नाई.

तुमी लिवलं का मले त्या बाजातलं समजत नाई. खरं हाये, नाई समजत. लगन होऊन आली तवापासून कानावर हाये. वावरात डबा घेऊन आली का दाराबाहेर उभी राहो. आत भांडे फुटल्यासारखं चालू असे अन् तुमी डोये मिटून बसले राहा, हलत बी नसा. बाया मले हसत. मी कधी नाव ठेवलं नाई. मी मनात म्हणो, जे कोनाच्यानंच ऐकवत नाई ते हा माणूस इतक्या शांतीनं ऐकते, तं याले माणसाचं ऐकणं काय कठीण जाईन. तेवढ्या एका गोष्टीवर मी तुमचा संसार केला.

प्रज्वलची आई,
प्रयाग